काल माल किती गेला?

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेट चहाची बशी खाली ठेवतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि विचारतात, "काय रे भो, काल माल किती गेला?"

प्रश्न चार शब्दांचा. शाळेच्या पुस्तकात धड्याखाली कठीण शब्दांचे अर्थ देतात, त्यात यातला एकही शब्द कधी आला नसेल. पण या चार शब्दांपायी गेल्या दीड वर्षात माझे पुढचे केस गेले, साडूभाऊंशी बोलणं गेलं आणि शेटचे बरेच पैसे गेले. माल तेवढा किती गेला, ते अजून नक्की सांगता येत नाही.

आमची डाळमिल जळगावच्या एमआयडीसीत आहे. तूर येते, हरभरा येतो, उडीद-मूग येतात, फुटतात, पॉलिश होतात आणि कट्ट्यांत बसून धुळ्याच्या डेपोकडे, तिथून सुरतेकडे जातात. पूर्वी शेट हा प्रश्न मुनीमजींना विचारायचे. मुनीमजी लाल वही उघडायचे, त्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "एकशे ऐंशी कट्टे." बऱ्याचदा एकशे ऐंशीच असायचे. सणासुदीला दोनशे दहा. खरं की खोटं हे कुणी तपासत नसे, कारण तपासायलाही तीच वही होती. शेट "बरं" म्हणत आणि उरलेला चहा पीत. गिरणी चालली होती.

मग शेटच्या डोक्यात अमळनेर शिरलं.

शेटचं आजोळ अमळनेरचं. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचंच पुढे विप्रो झालं आणि ती तुपाच्या डब्यांवरून कॉम्प्युटरच्या डब्यांवर गेली, हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांच्या आजोबांनी तिचे शेअर घेतले ते मिशीवर हात फिरवून ही गोष्ट सांगतात. ज्यांच्या आजोबांनी घेतले नाहीत ते आजोबांच्या फोटोकडे रागाने बघत सांगतात. शेट दुसऱ्या गटातले. "तुपाचे डबे भरणारे कॉम्प्युटरवाले झाले," ते एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मग आपण तर डाळवाले!" यातला 'मग' मला कळला नाही. पण महिन्याची एक तारीख होती, म्हणून मान डोलावली.

पुण्याहून टाय लावलेला एक मुलगा आला. मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. पहिली दहा मिनिटं त्याला टायमधून सोडवण्यात आणि मठ्ठा पाजण्यात गेली. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्हाला डेटा वेअरहाऊसची गरज आहे."

"गोदाम? तीन आहेत ना."

"हे क्लाउडमध्ये असतं. ढगात."

शेटनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. खानदेशातला माणूस ढगाकडे जसा पाहतो, म्हणजे दोन वर्षं उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं, तसं पाहिलं. "उंदीर नाही ना लागत?" एवढंच विचारलं आणि सही ठोकली. बिलं, बिल्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या, गेटवरच्या रखवालदाराच्या नोंदी, सगळं ढगात चढलं. लाल वही कपाटात गेली. मुनीमजी कोपऱ्यात पान लावत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या मुलीच्या सासरची भानगड ऐकताना असतो, तसा एक निवांतपणा आला.

आता चढवलेला माल उतरवायचा कसा?

कुठल्याही कचेरीतून कागद काढायचे दोन रस्ते असतात. एक तर विहित नमुन्यात अर्ज लिहून खिडकीवर उभं राहायचं. नाहीतर आत कुणी ओळखीचं असेल, तर मागच्या दाराने थेट कपाटाशी जायचं. ढगातल्या गोदामाचंही तेच निघालं. खिडकीवरच्या अर्जाला म्हणतात एसक्यूएल. मागच्या दाराला म्हणतात ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस, लाडाने एपीआय. मी पापभीरू माणूस. जन्मभर खिडकीवर उभा राहिलोय, म्हणून मी एसक्यूएल घेतलं.

ही अर्जाची भाषा तशी जुनी. एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली, सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडा, असं सुचवलं. १९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा काढली. तिचं नाव ठेवलं सीक्वेल. ते नाव विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून मधली अक्षरं गाळून एसक्यूएल केलं. आजही निम्मे लोक एसक्यूएल म्हणतात, निम्मे सीक्वेल, आणि आमचे शेट 'शिकेल' म्हणतात. "तो तुझा शिकेल लाव रे!" मी लावतो. पन्नास वर्षांपासून लोक 'शिकेल, शिकेल' म्हणताहेत, मीही त्याच आशेवर आहे. गंमत अशी, की ही भाषा काढली ती प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्या साध्या माणसाला स्वतः विचारता यावं म्हणून. तो साधा माणूस रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चहाची बशी खाली ठेवून मला विचारतो.

अर्जाचा मुख्य नियम असा: काय पाहिजे ते सांगायचं, कसं आणायचं ते सांगायचं नाही. ते आतला बाबू ठरवणार. हे मला फार आवडलं, कारण कसं आणायचं ते मलाही माहीत नव्हतं. पण बाबूच्या तऱ्हा आहेतच. अर्जात वर 'सिलेक्ट' लिहायचं, खाली 'फ्रॉम', मग 'व्हेअर', मग 'ग्रुप बाय'. बाबू मात्र वाचायला 'फ्रॉम'पासून घेतो आणि वरच्या 'सिलेक्ट'पर्यंत पार शेवटाला पोचतो. म्हणून वरच्या ओळीत एखाद्या रकान्याला कौतुकाने नवं नाव ठेवलं आणि 'व्हेअर'मध्ये त्याच नावाने हाक मारली, की अर्ज परत. शेरा: 'असं इथे कुणी राहत नाही.' अहो, आत्ताच दोन ओळी वर बारसं केलं ना! पण बाबूने वरचं वाचलेलंच नसतं. हा अनुभव मला नवा नव्हता. एवढंच, की या बाबूला जेवणाची सुट्टी नसते.

मागच्या दाराचे पुरस्कर्ते म्हणजे आमचे साडूभाऊ. ते धुळ्याचा डेपो सांभाळतात. आम्हा दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर पारोळ्याचं. म्हणजे जळगाव-धुळे रस्त्यावर साधारण मधोमध. सासऱ्यांनी दोन्ही बाजूंना एकेक मुलगी देऊन तोल साधला होता. पण १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, त्यातल्या पूर्वेचा पुढे जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिमेचा धुळे. माझा अंदाज असा, की तेव्हापासूनच जे जळगावला सरळ वाटतं ते धुळ्याला वाकडं वाटतं. शेवभाजी मूळची कुणाची, यावर आमच्यात आधीच बेबनाव होता. त्यात ही भर पडली.

"खिडकीवर कशाला उभे राहता हो?" ते फोनवर म्हणाले. "मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहितो. आत जातो, पोतं उचलतो, घरी आणतो आणि निवांत निवडत बसतो. बाबूची मिजास नको."

"आणि पोतं उचललं नाही गेलं तर?"

"धुळ्याचे आहोत आम्ही."

पहिल्या दिवशी विजय माझा झाला. शेटनी विचारलं, मी अर्ज टाकला, अडीच सेकंदांत उत्तर आलं: बाराशे कट्टे! शेट खुर्चीवरून उठले. हमालांना जिलबी वाटली. अमळनेरच्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडल्याचंही मला ओझरतं दिसलं. दुपारी मुनीमजी कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "गोदामात होते चारशे."

झालं असं होतं, की बिलांचा तक्ता मी गाड्यांच्या तक्त्याला जोडला होता. एका बिलाचा माल तीन गाड्यांत गेला, तर तेच बिल प्रत्येक गाडीच्या नावापुढे एकदा, असं तीनदा मांडलं गेलं आणि बेरजेत तीनदा धरलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या डाळीच्या धंद्यात असलेल्या घराण्यात, न भिजवता डाळ तिप्पट फुगवणारा पहिला माणूस मी ठरलो.

मग गाड्यांचं प्रकरण. "कोणत्या गाड्या अजून परत नाही आल्या?" शेटनी विचारलं. मी अर्जात लिहिलं: परत आलेल्या गाड्यांच्या यादीत ज्या नाहीत त्या दाखव. उत्तर आलं कोरं. एकही गाडी नाही. म्हणजे सगळ्या परत आल्या! शेटनी गेटवरच्या मारुतीपुढे नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरचा फोन आला, की तो चार दिवसांपासून रस्त्यात टायर फुटून बसलाय आणि त्याला कुणी विचारलं कसं नाही.

कारण होतं रखवालदाराचं पेन. ते संपल्यामुळे परत आलेल्या एका गाडीचा नंबर त्याने लिहिलाच नव्हता. अशा मोकळ्या चौकटीला एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, 'काही नाही' असंही नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. मला हे आमच्या वाड्यातल्या नळावरून समजलं: आहे, पण त्यात काय आहे ते सांगता येत नाही. त्यावर बाबूचं म्हणणं असं, की परत आलेल्यांत एक गाडी अनोळखी आहे, आणि तुम्ही विचारताय ती गाडी म्हणजेच ती अनोळखी नसेल कशावरून? तेव्हा मी कुणाचंच नाव घेत नाही. इतका सावध जबाब मी आजवर फक्त लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांकडून ऐकला होता.

हे ऐकून धुळ्यात पेढे वाटले गेले असावेत. "मागचं दार!" एवढाच संदेश आला, पुढे हसणारे सहा चेहरे.

पण मागच्या दाराचीही एक उंची असते. साडूभाऊंनी मे महिन्यातल्या एका दुपारी तीन वर्षांची सगळी बिलं एकदम लॅपटॉपवर ओढली. लॅपटॉप आठ जीबीचा. म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर ट्रकभर तूर. पंखा किंचाळला, पडदा गोठला, खालून चटके बसायला लागले. त्यांनी तो उचलून वाळ्याच्या कूलरपुढे धरला. कूलरने वाऱ्याबरोबर पाणीही दिलं. लॅपटॉप वाचला, पण त्याला आजतागायत वाळ्याचा वास येतो आणि 'ई' दाबलं की 'आर' उमटतो.

नवा लॅपटॉप आला आणि त्यांनी थकबाकीची पत्रं काढली, फार देखणी. शिरपूरकडच्या एका किराणावाल्याला पत्र गेलं: 'आपल्याकडे बिल क्रमांक ४५१२.० ची रक्कम येणे आहे.' हा पॉइंट शून्य साडूभाऊंनी लावलेला नव्हता. पायथॉनच्या तक्त्यात आकड्यांच्या रकान्यात एखादी चौकट मोकळी राहिली, की तो अख्खा रकाना दशांशात नेतो. एक घर रिकामं, म्हणून सगळ्या गल्लीला शेपूट. किराणावाल्याने उलट टपाली कळवलं: 'बिल क्र. ४५१२ आमचे आहे व त्याचे सावकाश पाहू. बिल क्र. ४५१२.० आमचे नव्हे, तरी आपण ज्याचे असेल त्यास कळवावे.'

"हा पॉइंट झिरो कोण?" शेटनी मला विचारलं. "धुळ्याचा नवा भागीदार का?"

मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात माझंही बिल आलं होतं. रोज सकाळी गोदाम ठीक आहे ना, हे बघायला मी सगळ्यात मोठ्या तक्त्यातल्या फक्त दहा ओळी मागवत असे. शितावरून भाताची परीक्षा. ढगवाल्यांचा हिशोब मात्र शितावर नव्हता. मी दहा ओळी मागितल्या तरी तक्ता अख्खा उघडून चाळला जाई आणि पैसे चाळण्याचे लागत. महिनाभर रोज एक शीत चाखलं आणि बिल तीस पातेल्यांचं आलं. शेटनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मुनीमजी पान खायचा," ते म्हणाले, "ते स्वस्त होतं."

एवढं होऊनही आमच्या दोघांचे आकडे जुळत नव्हते. त्यांचा काल वेगळा, माझा वेगळा. उन्हाळ्यात आमच्याकडे गाड्या मध्यरात्रीनंतर भरतात, दिवसा पत्रा तापून हमाल उभा राहू शकत नाही. ढगातलं गोदाम ग्रिनिचच्या घड्याळावर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आज पहाटे तीनला भरलेली गाडी माझ्या अर्जात 'काल' गेलेली असते. साडूभाऊंच्या लॅपटॉपवर धुळ्याचं घड्याळ, त्यामुळे तीच गाडी त्यांच्याकडे 'आज'. आणि शेटचा दिवस ना ग्रिनिचला सुरू होतो ना धुळ्याला, तो गल्ल्यावर उदबत्ती लागली की सुरू होतो. 'माल'चंही तेच. चुनी माल आहे की नाही? म्हशीला विचाराल तर आहे. 'किती' म्हणजे कट्टे की क्विंटल? आणि 'गेला' म्हणजे जळगावच्या गेटबाहेर पडला, की धुळ्याच्या गेटात शिरला? मी म्हणतो गेला, ते म्हणतात आलाच नाही.

एका रात्री फोनवर मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "साडूभाऊ, तुमच्याच पांझरेवर फड पद्धत चालत आली ना? एकेक शेतकरी उठून पाट फोडत होता का? पाटकरी ठरवायचा, कुणाला कधी आणि किती. आपण फक्त पाणी पाहिजे म्हणायचं. हेच एसक्यूएल!"

पलीकडे क्षणभर शांतता. वाटलं, जिंकलो.

"म्हणूनच ना," ते म्हणाले, "नंतर सगळ्यांनी आपापल्या विहिरी खोदल्या."

मी रेंज गेल्याचं नाटक केलं.

शेवटी पुण्याचा मुलगा परत आला, यंदा बिनटायचा. दिवसभर फळ्यावर चौकोन काढून संध्याकाळी म्हणाला, मोजदाद करायची असेल तर खिडकीवर अर्ज करा. ढिगाने उचलूनच न्यायचं असेल, पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायला वगैरे, तर मागचं दार. शेट म्हणाले, "हे तर आमचा हमाल फुकट सांगतो." खरं होतं. आमचा कुठलाही हमाल, पोती मोजायची असली तर थप्पीपुढे उभा राहून मोजतो, घरी नेऊन मोजत नाही. जाताना त्या मुलाने साडूभाऊंची समजूत म्हणून एक मधला रस्ता काढून दिला: पायथॉनच लिहायचं, पण पोतं उचलायचं नाही, काम गोदामातल्या गोदामात होणार.

साडूभाऊ महिनाभर हवेत होते. "बघा, खिडकी नाही, अर्ज नाही!" मला राहवेना. एका दुपारी मी गोदामाची हजेरी उघडली, कोण कधी आलं आणि काय मागून गेलं त्याची. साडूभाऊंच्या नावापुढे ओळीने सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय. त्यांचं पायथॉन आतल्या आत भाषांतर होऊन अर्ज म्हणूनच जात होतं! ज्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर ते मागून शिरत होते, तो माणूस इमारतीला वळसा घालून माझ्याच खिडकीवर, माझ्याच रांगेत, माझ्या पाठीशी उभा होता. वर माझ्यापेक्षा अक्षर वाईट.

मी ते त्यांना पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग बायकांनी लक्ष घातलं आणि रविवारी पारोळ्याला तह ठरला. सासुरवाडीत जावयांना मोठ्याने भांडता येत नाही, म्हणून महामार्गावरचा ढाबा.

वेटर आला. साडूभाऊ, आत शिरून स्वतः पोतं उचलणारे, खुर्चीत रेलून म्हणाले, "दोन शेवभाजी, कळण्याची भाकरी." झालं. आणि मी, 'काय पाहिजे ते सांगा, कसं ते विचारू नका' असं दीड वर्ष सांगत आलेला, वेटरला म्हटलं की शेव वेगळी आण, रश्श्यात टाकू नको, तर्री वरची घे, मसाला कालचा असेल तर नको. तेवढ्याने भागेना म्हणून उठून भटारखान्यात जाऊन आचाऱ्याच्या खांद्यावरून डोकावलो. परत आलो तर साडूभाऊ माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. साडू म्हणून हा त्यांचा मोठेपणा मी आयुष्यभर विसरणार नाही.

तेवढ्यात शेटचा फोन. रविवारचा! "काय रे भो, काल माल किती गेला?"

"पाच मिनिटांत सांगतो, शेट," म्हणून मी नजर वर केली, आणि समोर आमचीच गाडी उभी. माझ्या हिशोबाने काल गेलेली, त्यांच्या हिशोबाने अजून न आलेली. आयुष्यात प्रथमच माल आम्हा दोघांना एकाच वेळी दिसत होता. ड्रायव्हर बाजेवर आडवा झाला होता.

"किती कट्टे आहेत रे?"

"बिल्टी बघा."

बिल्टी बघितली. आकड्यावर चहाचा गोल डाग.

"भरताना मोजले असशील ना?"

"माले काय माहीत, भाऊ? माल भरताना मी झोपेल व्हतू." त्याने कूस बदलली. "शेटले विचारा. हापिसात कॉम्प्युटर शे म्हणे, तठे समजस बठ्ठं."

साडूभाऊंनी बाह्या सरसावल्या. ताडपत्रीची दोरी सोडली. ते डावीकडून चढले, मी उजवीकडून. उन्हात दोन जावई डाळीवर बसून बोटांवर मोजत होते आणि खालून वेटर विचारत होता, शेव मऊ पडली तर चालेल का. त्यांचे भरले एकशे एकाहत्तर. माझे एकशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजायला वाकलो, तोच फोन पुन्हा वाजला.

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाल वही काही जवळ नव्हती, म्हणून ताडपत्रीवरूनच बोट फिरवलं.

"एकशे ऐंशी कट्टे," मी म्हटलं.

"बरं," शेट म्हणाले.